विद्यापीठाच्या गच्चीवर हिरवं छत: आधी वजन, मग पाणी, मग झाडं

मराठवाड्यातल्या कुठल्याही कॉलेजात एप्रिल-मेच्या परीक्षा चालू असताना दुपारी अडीच-तीनला सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या वर्गात जाऊन बघा. पंखा पाचवर असतो, पण छताखाली साचलेली गरम हवाच तो खाली लोटत राहतो. खालच्या मजल्यावर तोच पेपर सोडवणारी मुलं त्या मानाने बरी असतात. दोन मजल्यांमधला हा फरक स्लॅबमुळे पडतो. बाहेर ४२-४३ अंश असताना उघड्या गच्चीचा पृष्ठभाग साठीच्या आसपास तापतो आणि ती उष्णता काही तासांनी खाली उतरते. हॉस्टेलच्या वरच्या मजल्यावरची पोरं रात्री अकराला गाद्या उचलून गच्चीवर जातात ती याच कारणाने.

अलीकडे ग्रीन ऑडिट (कॅम्पसची पर्यावरण-तपासणी) आणि नॅक (शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करून दर्जा देणारी परिषद) यांच्या तयारीच्या निमित्ताने विद्यापीठांच्या बैठकांत हिरव्या छताचा विषय निघू लागला आहे. मी या कल्पनेच्या बाजूने आहे. पण आपल्याकडे बहुतेक चर्चा कुठली झाडं लावायची इथून सुरू होते आणि तिथेच गाडी रुळावरून घसरते. मराठवाड्यात पहिला प्रश्न वजनाचा आहे आणि दुसरा मे महिन्यातल्या पाण्याचा. या दोन्हींची उत्तरं मिळाली की झाडं आपोआप ठरतात.

आधी हिरवं छत कशाला म्हणायचं ते पाहू. गच्चीवर शंभर कुंड्या मांडल्या तर ती बाग झाली. हिरव्या छतात स्लॅबवरच थरांवर थर रचलेले असतात: सगळ्यात खाली वॉटरप्रूफिंग, त्यावर मुळं अडवणारा जाड प्लास्टिकचा पडदा, मग पाणी वाहून नेणारा उंचवट्यांचा पत्रा, त्यावर माती अडवून पाणी सोडणारं गाळणीचं कापड, मग हलक्या मातीचं मिश्रण आणि शेवटी झाडं. याचे ढोबळ दोन प्रकार आहेत. पातळ छतात मातीचा थर आठ ते पंधरा सेंटिमीटरचा असतो, त्यात गवतं आणि मांसल पानांच्या वनस्पती येतात आणि रोजच्या देखभालीची गरज नसते. जाड छतात थर वीस सेंटिमीटरच्या पुढे जातो, झुडपं आणि लॉनही लावता येतं, पण मग ती खरोखरच वर नेऊन ठेवलेली बाग होते, वजनासकट आणि पाण्यासकट. आपल्या जुन्या इमारतींसाठी पातळ छताचाच विचार करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

माळवदाची आठवण

मातीचं छत मराठवाड्याला नवीन नाही. ज्यांचं बालपण गावात गेलं त्यांना माळवद माहीत आहे. लाकडी तुळया, त्यावर आडव्या फळ्या किंवा बल्ल्या, त्यावर पाल्याचा थर आणि वर चोपून बसवलेली पांढरी माती. मृगाच्या आधी माळवदावर चढून उंदरा-घुशींची बिळं बुजवायची, नवी माती टाकायची, उतार सारखा करून पन्हळी मोकळ्या करायच्या, हे दरवर्षीचं काम. भर उन्हाळ्यात माळवदाच्या घरात शिरल्यावर जो गारवा जाणवायचा तो खरा होता. जाड मातीतून उष्णता खाली यायला इतका वेळ लागतो की तोवर सूर्य मावळलेला असतो.

पण दरवर्षी माती पडत गेली आणि जुनी कुणी काढली नाही. कित्येक घरांवर हा थर दीड-दोन फुटांवर गेला होता. ओल्या-सुक्या मातीचं वजन घनमीटरला साधारण १,७०० किलो धरलं, तर दोन फुटांचा थर म्हणजे छताच्या प्रत्येक चौरस मीटरवर एक टन. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे, किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला तेव्हा माणसं या छतांखाली झोपलेली होती. मूळ दोष भिंतींचा होता: मातीत रचलेला दगड, भिंतीचे आतले-बाहेरचे दोन पदर सुटे, त्यांना आरपार बांधणारा दगड नाही. भिंती फुटल्या आणि वरचा टनावारी भार खाली आला. जवळपास आठ हजार माणसं गेली. त्यानंतर कित्येक वर्षं लोक पक्क्या घराऐवजी पत्र्याच्या शेडमध्ये झोपणं पसंत करत, आणि त्यांचं चुकत नव्हतं.

म्हणून लातूर-धाराशिवच्या कॉलेजात कुणी स्लॅबवर माती टाकायचं म्हटल्यावर एखाद्या ज्येष्ठ प्राध्यापकाने हरकत घेतली, तर तिला जुना विचार म्हणून बाजूला सारू नये. भूकंपात इमारतीवर येणारा आडवा जोर तिच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो आणि वजन जितकं उंचावर तितकं ते इमारतीला जास्त हलवतं. आरसीसीची इमारत माळवदापेक्षा कितीतरी सक्षम असते हे खरं, पण गणित केल्याशिवाय तिच्यावरही भार टाकायचा नसतो.

ते गणित असं. भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागानुसार, लोकांना जाता येईल अशा गच्चीचं डिझाइन चौरस मीटरला १५० किलो वापरभार धरून करतात. जिथे फक्त दुरुस्तीपुरतं चढायचं तिथे ७५ किलो. हा भार माणसं आणि दुरुस्तीचं सामान यांच्यासाठी राखलेला असतो, तो सगळाच्या सगळा मातीला देऊन टाकता येत नाही. दुसरीकडे हलक्या मिश्रणाचा दहा सेंटिमीटर थर पूर्ण भिजल्यावर चौरस मीटरला १०० ते १४० किलो भरतो. त्याच जाडीची शेतातली काळी माती भिजली की १८० ते २०० किलो. म्हणजे पातळ छतसुद्धा जुन्या स्लॅबला डोळे झाकून पेलवेल असं नाही.

इथे एक वाट आहे आणि ती फारशी कुणी सुचवत नाही. आपल्याकडच्या बहुतेक सरकारी आणि विद्यापीठाच्या इमारतींच्या गच्चीवर वॉटरप्रूफिंग म्हणून ब्रिकबॅट कोबा असतो. विटांचे तुकडे, सिमेंट आणि वर चौकड्या पाडलेलं फिनिशिंग. चार-साडेचार इंच जाडीच्या कोब्याचं वजन चौरस मीटरला २०० किलोच्या घरात जातं. वीस-पंचवीस वर्षांनी हा कोबा तडकतो, गळायला लागतो आणि नेहमीप्रमाणे जुन्यावरच नवा थर चढवला जातो. माळवदावर दरवर्षी माती पडायची, तोच प्रकार. त्याऐवजी कोबा गळायला लागला की तो पूर्ण काढावा, उतारापुरतं हलकं काम करून मेम्ब्रेनचं, म्हणजे पाणी अडवणाऱ्या पातळ पडद्याचं, वॉटरप्रूफिंग करावं आणि त्यावर पातळ हिरवं छत घ्यावं. काढलेलं वजन आणि टाकलेलं वजन जवळपास सारखं होतं, क्वचित कमीही होतं. दुरुस्तीचा खर्च तसाही होणारच होता.

अर्थात हे ठरवायचं स्ट्रक्चरल इंजिनिअरने. इमारतीचे मूळ नकाशे बांधकाम विभागात असतील तर उत्तम. नसतील तर सळईचा शोध घेणारं यंत्र, ठोका मारून काँक्रीटची ताकद अजमावणारी हॅमर टेस्ट, गरज पडली तर काँक्रीटचा नमुना काढून तपासणी. छताच्या खालच्या बाजूने पोपडे पडून गंजलेली सळई दिसत असेल, तर त्या इमारतीसाठी हिरव्या छताचा विषय तिथेच बंद करावा आणि आधी स्लॅब दुरुस्त करावा.

आणि काळ्या मातीबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. कापसाला ती सोनं आहे, छतावर ती नको. भिजली की फुगते, वाळली की हातभर भेगा पडतात, बारीक कण गाळणीचं कापड बुजवतात आणि पाणी निचरत नाही. छतासाठी वीटभट्टीवर मिळणारा विटांचा चुरा, कोकोपीट आणि थोडं चाळलेलं गांडूळखत असं मिश्रण चालतं. खत कमीच हवं, कारण ते कुजून थर खाली बसतो. मिश्रण किती जड आहे हे सांगणाऱ्याच्या शब्दावर घेऊ नका. एक फूट लांब, एक फूट रुंद, चार इंच खोल खोकं घ्या, तळाला भोकं पाडा, मिश्रण भरा आणि खालून ठिबकेपर्यंत पाणी घाला. ठिबकणं थांबलं की वजन करा, खोक्याचं वजन वजा करा आणि येणाऱ्या किलोंना पावणेअकराने गुणा. चौरस मीटरचा ओला भार हातात आला. सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाची मुलं हे एका तासात करतील.

मे महिन्यातलं पाणी

हिरवं छत थंड ठेवतं ते तीन प्रकारे. पानं सावली धरतात, माती उष्णता उशिरा सोडते, आणि तिसरा प्रकार सगळ्यात जोरकस: पानांतून आणि मातीतून पाण्याची वाफ होते. माठ ज्या कारणाने पाणी गार करतो त्याच कारणाने ओलं छत खालची खोली गार करतं. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते. हा आकडा मोठा आहे आणि याच्याच जोरावर हिरव्या छतांची वाहवा होते. पण त्यासाठी पाणी असावं लागतं.

सिंगापूरच्या नानयांग तंत्रज्ञान विद्यापीठात कला विभागाच्या इमारतीचं उतरतं हिरवंगार छत आहे आणि त्याचे फोटो प्रत्येक सादरीकरणात येतात. सिंगापुरात वर्षाला साधारण २,४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बाराही महिने विखुरलेला असतो. आपल्याकडे सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक चार महिन्यांत, आणि मध्ये दोन-तीन आठवड्यांचा खंड. ते छत जसंच्या तसं इथे उचलून आणणं म्हणजे टँकर लावणं.

हिशेब करू. हजार चौरस मीटर छतावर लॉन लावलं आणि उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज फक्त चार लिटर पाणी दिलं, तर दिवसाला चार हजार लिटर. महिन्याला एक लाख वीस हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे बारा टँकर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तिच्या पहिल्या खेपेत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. अशा चार छतांवरचं लॉन एका महिन्यात जवळपास तेवढं पाणी पितं. ज्या जिल्ह्याने ती रेल्वे पाहिली आहे, तिथे विद्यापीठाने गच्चीवर लॉन वाढवू नये. नियम म्हणून नव्हे, शेजारधर्म म्हणून.

मग काय करायचं? छताला उन्हाळ्यात वाळू द्यायचं. आपली माळरानं एप्रिलमध्ये पिवळी पडतात आणि मृगाच्या पहिल्या दोन सरींत पुन्हा फुटतात. छतही तसंच चालवावं. त्याची किंमतही मान्य करावी लागते: ऐन मे महिन्यात, जेव्हा गारव्याची सगळ्यात जास्त गरज असते, तेव्हा बाष्पीभवनाचा फायदा जवळपास नसतो. उरते ती मातीची आणि वाळलेल्या गवताची सावली, म्हणजे उघड्या स्लॅबपेक्षा नक्की बरी स्थिती, पण माहितीपत्रकातल्या आकड्यांपेक्षा कमी. जून ते डिसेंबर हा फायद्याचा काळ, त्यात ऑक्टोबरचा उकाडाही येतो.

मुळं जगवण्यापुरतं पाणी मात्र हवं, दहा-पंधरा दिवसांनी एकदा. ते हॉस्टेलच्या बेसिन-न्हाणीचं घ्यावं, कर्दळीच्या वाफ्यातून गाळून. एसीचं पाणी चांगलं असतं, पण ते दमट हवेत जास्त आणि आपल्या कोरड्या मे महिन्यात अगदी थोडं मिळतं, त्यामुळे त्यावर विसंबता येत नाही. आरओच्या मशीनमधून फेकलं जाणारं पाणी छतावर घालू नका. त्यात क्षार जास्त असतात आणि दहा सेंटिमीटर मातीत ते साचत जातात. ते धुऊन काढायला पाऊस जूनशिवाय येत नाही.

पाण्याची अजून एक बाजू आहे. हजार चौरस मीटर छतावर वर्षाला सात लाख लिटर पाऊस पडतो. उघड्या गच्चीवरून त्यातला मोठा भाग पाइपने बोअरच्या पुनर्भरणाला नेता येतो. हिरवं छत कोरडं असताना पहिला वीस-तीस मिलिमीटर पाऊस स्वतः पिऊन घेतं आणि नंतर सोडतं ते पाणी थोडं तांबूस, मातीचा अंश असलेलं. मुंबईसारख्या तुंबणाऱ्या शहरात छतावर पाणी अडणं हा फायदाच. जालना-बीडमध्ये बोअर आटलेल्या कॅम्पसला तोच तोटा ठरू शकतो. जिथे पुनर्भरण चांगलं चालू आहे, त्या इमारतीचं छत तसंच ठेवावं.

वर काय वाढेल

युरोपातल्या छतांवर सेडम जातीच्या वनस्पती लावतात. आपल्या उन्हात त्या तग धरत नाहीत. आपल्याकडे घोळ आहे, चिवळ आहे. भाजीच्या जुडीतून आणलेली घोळीची काडी खोचली तरी ती रुजते, मांसल खोडात पाणी धरते, वाळून गेली तरी बी मागे ठेवते. चिनी गुलाब त्याच कुळातला, रंगांसाठी घ्यावा. कोरफड आणि पानफुटी आपली पानांची छिद्रं रात्री उघडतात, त्यामुळे दिवसाच्या उन्हात त्यांचं पाणी कमी जातं. पंधरा सेंटिमीटर थर पेलणारं छत असेल तर पवन्या, मारवेल ही गवतं. कुसळी टाळावी, ती कपड्यात घुसते आणि देखभालीला कुणी चढत नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठामागे गोगाबाबाची टेकडी आहे. तिच्या उघड्या कातळावर, बोटभर मातीत पावसाळ्यात काय उगवतं आणि मार्चपर्यंत काय टिकतं हे वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी वर्षभर टिपलं, तर रोपांची यादी बाहेरून मागवावी लागणार नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठात कोरडवाहू शेतीवर संशोधन चालतं. मिश्रणाच्या चाचण्यांसाठी त्यांच्याकडे जावं.

दोन धोके. वाळलेलं गवत पेटतं, म्हणून फेब्रुवारीत ते कापून घ्यावं आणि कठड्यालगत फूट-दीड फुटाची खडीची पट्टी मोकळी ठेवावी. दुसरा धोका पिंपळाचा. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येतं आणि रोप बोटभर असतानाच उपटलं नाही तर मूळ सांध्यात शिरतं. श्रद्धेमुळे पिंपळ उपटायला हात धजावत नसेल तर तो मुळासकट काढून आवारात जमिनीत लावावा, पण छतावर ठेवू नये.

सगळ्याच छतांवर नाही

ज्या इमारतीचा स्लॅब अशक्त आहे किंवा पैसा थोडा आहे, तिथे चुन्याचा किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग लावावा. मे महिन्याच्या उकाड्यावर दर रुपयामागे तो हिरव्या छतापेक्षा जास्त काम करतो. धूळ बसून तो मळतो, दोन-तीन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो, एवढंच. हिरव्या छताचं बळ वेगळ्या ठिकाणी आहे: वॉटरप्रूफिंगवर थेट ऊन पडत नाही, दिवस-रात्रीच्या तापमानातली उलथापालथ कमी होते, त्यामुळे ते कितीतरी जास्त वर्षं टिकतं. शिवाय मधमाश्या, फुलपाखरं येतात आणि चार विभागांना शिकवायला प्रयोगशाळा मिळते. आणि बहुमजली इमारतीत हा सगळा गारवा फक्त वरच्या मजल्याला मिळतो, खालच्यांना जवळपास काहीच नाही. म्हणून पसरट, एक-दोन मजली इमारत आधी निवडावी.

सोलरशी भांडण मात्र नाही. पॅनेलचं उत्पादन पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटतं, आणि तापलेल्या काँक्रीटपेक्षा हिरव्या छतावरची हवा कमी तापते. पॅनेलच्या सावलीत झाडांना पाणीही कमी लागतं. आपल्याकडे धुळीमुळे पॅनेल वरचेवर धुवावी लागतात, ते पाणी आज गच्चीवरून वाहून जातं. खाली माती असेल तर ते तिथेच जिरेल. फक्त पॅनेलचे खांब उंच घ्यावेत, नाहीतर गवत वर येऊन सावली पाडतं.

नवी इमारत बांधायची असेल तर सगळंच सोपं. थायलंडच्या थम्मसात विद्यापीठाने २०१९ मध्ये बावीस हजार चौरस मीटरचं शेतीचं छत उभं केलं, पायऱ्यापायऱ्यांचं, पावसाचं पाणी खालच्या तळ्यांत साठवणारं. ते जमलं कारण इमारतीचा आराखडाच त्यासाठी केला होता. आपल्याच दख्खनच्या पठारावर, हैदराबादेत, २००४ साली उद्घाटन झालेल्या सीआयआय-सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरच्या इमारतीवर हिरवं छत आहे. तिथलं हवामान आपल्याला सिंगापूरपेक्षा कितीतरी जवळचं. तुमच्या कॅम्पसवर नवी इमारत मंजूर असेल तर आर्किटेक्टला आजच सांगा की छतासाठी चौरस मीटरला दोनशे किलो जादा धरा. कागदावर हा बदल स्वस्तात होतो, बांधल्यावर होत नाही.

जुन्या इमारतीत सुरुवात शंभर चौरस मीटरने करावी, दोन वर्गांवर. शेजारचे, त्याच दिशेचे दोन वर्ग तसेच ठेवावेत. चारही वर्गांत छताखाली थर्मामीटर लावून दोन उन्हाळे नोंदी घ्याव्यात, दुपारी तीनला आणि रात्री नऊला. उरलेल्या छतांचा निर्णय त्या वहीवरून घ्यावा.

निविदेत तीन गोष्टी लिहून घ्या. वॉटरप्रूफिंग आणि लागवड एकाच ठेकेदाराकडे हवी, नाहीतर गळती लागली की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. माती टाकण्याआधी गच्चीवर पाणी साठवून किमान ४८ तास ठेवायचं आणि खालच्या छताचे फोटो घ्यायचे. आणि पहिल्या तीन वर्षांची देखभाल करारातच हवी, त्यात पाण्याच्या तोंडांची सफाई नावानिशी लिहिलेली. पाइपच्या तोंडाशी दोन मूठ पाला अडकला आणि दहा सेंटिमीटर पाणी साचलं, की चौरस मीटरला शंभर किलो जादा भार आला. सगळं गणित एका पाल्याने मोडतं. प्रत्येक तोंडावर झाकण असलेली जाळीची चौकट बसवा, म्हणजे माळ्याला वाकून आत पाहता येईल. त्या माळ्यासाठी धड जिना आणि छातीएवढा कठडाही हवा.

वेळापत्रक पाऊसच ठरवतो. गवताचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये माळावरून गोळा होतं. डिसेंबर-जानेवारीत स्लॅबची तपासणी, फेब्रुवारी ते एप्रिल कोबा काढणं, वॉटरप्रूफिंग आणि पाण्याची चाचणी, मे अखेरीस मिश्रण वर चढवणं आणि मृगाच्या पहिल्या सरींनंतर लागवड. मंजुरीची फाइल मार्चअखेरीस हलली तर ते वर्ष गेलं, म्हणून प्रस्ताव दिवाळीआधी टेबलावर हवा.